दादा, तुझा पडदा अजून साठवरच आहे

काल तुझी तेरवी झाली आणि आज दुपारी मी दुकान उघडलं. तुझ्या काउंटरवरचा कॉम्प्युटर सुरू केला. पडदा अजून साठवरच आहे, दादा.

गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. इतके दिवस मी ते पाळलं. बेल्याहून, मुधोळहून, कुठून कुठून माणसं आली आणि जो तो माझ्याजवळ बसून सांगून गेला, तू किती शांत होतास, कोणाला कधी 'नाही' म्हणाला नाहीस. मी मान हलवत राहिले. आता घरात परकं कोणी उरलं नाही, तर खरं बोलते. तू 'नाही' म्हणत नव्हतास हे बरोबर आहे. पण तू 'हो'ही म्हणत नव्हतास. हाताची घडी घालायची, मूग गिळून बसायचं आणि वेळ निघून जाऊ द्यायची. लोक याला शांत स्वभाव म्हणतात. मी याला काय म्हणते ते तुला माहीत आहे, कारण तुझ्या तोंडावर म्हटलेलं आहे.

तसा हा आपल्या घराचाच गुण. गावी बेल्याला पेरणीच्या दिवशी काका तिफण धरून उभे राहायचे आणि बाबांना विचारायचे, "भाऊ, धरू का?" बाबा 'हूं' म्हणाले तर तिफण चालायची. काहीच बोलले नाहीत तर बैल सोडायचे. नकार म्हणून कधी कोणी तोंडानं दिला नाही. थोरला गप्प बसला की धाकट्यानं समजून घ्यायचं. शेत सोडून तू आदिलाबादेत कॉम्प्युटर क्लास टाकलास, नांगराच्या जागी की-बोर्ड आला, पण ही रीत तेवढी तू गाठोड्यात बांधून सोबत आणलीस.

मला इथं तूच आणलंस, हेही सांगते. नाहीतर मी बेल्यातच कापूस वेचत बसले असते. बी.ए. झाल्यावर तू मोटारसायकलवर मागे बसवून मला शहरात आणलंस आणि चार कॉम्प्युटरांपैकी दाराजवळचा दाखवून म्हणालास, "सुमे, हा तुहा. भेऊ नोको, मोडला तर मी हावो." सकाळी मुलींना टायपिंग शिकवायचं, संध्याकाळी पोट्ट्यांना गेम खेळू द्यायचे. त्या दिवसांइतकी खूश मी आयुष्यात कधी नव्हते. पोट्टे तुला अन्ना म्हणायचे, मला अक्का. आपण घरी मराठी बोलायचो, त्यांच्याशी हिंदी, आणि तेलुगू तुला माझ्यापेक्षा बरी यायची. हे सगळं मी विसरले नाही. विसरता आलं असतं तर एवढा राग आला नसता.

पहिल्या महिन्यातच माझं डोकं दुखायला लागलं. मला वाटलं उन्हानं असेल. मग लक्षात आलं, दुकानात पडद्यासमोर बसलं की दुखतं आणि रविवारी दुखत नाही. एका दुपारी मी पडद्याकडे पाठ करून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते, तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यात मला ती फडफड दिसली. अख्खा पांढरा पडदा थरथरत होता, जळायला आलेली ट्यूब थरथरते तसा.

"दादा, हे फडफडून राह्यलं."

"काय फडफडून राह्यलं?"

"पडदा. सरळ नोको पाहू. भिंतीकडे पाह्य, अन् पडदा कोपऱ्यातून पाह्य."

"पडदा सोडून भिंतीकडे पाहाले मी का येडा हावो?"

तू पाहिलं नाहीस. मान वळवायला काही लागत नव्हतं, दादा. तू नाक पडद्याला लावून बसलास आणि म्हणालास, मले तर काई दिसत नाई. सरळ पाहिलं तर ते नाहीच दिसत, कोपऱ्यातून दिसतं, हे मी तुला किती वेळा सांगितलं असेल.

मग मी शोधून काढलं. मॉनिटरचा पडदा दर सेकंदाला किती वेळा नव्यानं उजळतो, त्याला रिफ्रेश रेट म्हणतात. आपले चारही जुन्या टीव्हीसारखे काचेचे मॉनिटर सेकंदाला साठ वेळा उजळत होते. साठ म्हणजे कमी. बऱ्याच डोळ्यांना चालतं, माझ्यासारख्यांना चालत नाही. पंच्याऐंशी केलं की पडदा शांत होतो. पण आपल्या मॉनिटरांना दोन्ही जमत नव्हतं. तू चित्र ठेवलं होतंस मोठं, एका ओळीत एक हजार चोवीस ठिपक्यांचं, बारीक आणि रेखीव. त्यावर साठच्या वर मॉनिटर जात नव्हता. चित्र आठशेवर आणलं तरच पंच्याऐंशी मिळायचे. मॉनिटरसोबत आलेल्या पुस्तिकेत हे स्पष्ट छापलेलं होतं. मी ते पान तुझ्यापुढे धरलं.

"नागपुरात एकानं असंच वाढवलं," तू म्हणालास, "मॉनिटर जयला त्याचा. धूर निघाला धूर."

"त्यानं झेपत नाई तेवढं वाढवलं असन. हे तर कंपनीनंच लिवलं हाय."

"अन् आठशेवर सारं जाडंभरडं दिसते. मानसं येऊन म्हनतात, अन्ना, काय क्लिअर हाय तुमचा पडदा! ते म्हनतीन का मंग?"

भीती होती तर भीती म्हणायचं, मी समजून घेतलं असतं. पण तुला दाराशी उभं राहून पाहणाऱ्याची वाहवा हवी होती आणि डोकं दुखणार होतं आत बसणारीचं.

त्या पंधरा सेकंदांची गोष्ट तू कोणाला सांगितली नसशील. मी सांगते. सेटिंग बदललं की पडदा क्षणभर काळा होतो, आत कुठंतरी टक असा आवाज येतो आणि चित्र नव्यानं उमटतं. मग एक छोटी चौकट येते. नवीन सेटिंग ठेवायचं का? येस की नो? पंधरा सेकंदांत कोणी येस दाबलं नाही तर कॉम्प्युटर समजतो की समोरच्याला काही दिसत नाहीये, आणि तो आपलाआप जुन्यावर जातो. ही सोय आंधळ्या पडद्यासाठी केलेली आहे. ती तुझ्यासाठीच केल्यासारखी होती.

मी तुझ्या मशीनवर आठशे आणि पंच्याऐंशी लावायची. पडदा टक करून शांत व्हायचा. मी म्हणायची, "आता पाह्य. दाब येस." तू खुर्चीत मागे टेकायचास. हाताची घडी. चेहऱ्यावर राग नाही, हसू नाही, काही नाही. आकडे उतरत जायचे आणि तू खिडकीतून रस्त्यावरच्या रिक्षा पाहायचास. टक. पुन्हा साठ. मग तू सरळ बसून आपल्या कामाला लागायचास, जसं मधे काही झालंच नाही.

तुझ्या मागं मला येस दाबता आलं असतं. एकदा दाबलंही. तू नागपूरला सामान आणायला गेला होतास, मी माझ्या मशीनचं बदलून ठेवलं. दोन दिवस डोकं दुखलं नाही. मग तू आलास आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर पुन्हा साठ. रागावला नाहीस, विचारलं नाहीस. त्या दिवसापासून मी ठरवलं, चोरून मिळणारं नको. तुझ्यासमोर लावीन आणि तुझ्या हातानं येस दाबून घेईन. माझा हट्ट होता म्हण. माझ्यातही बाबांचंच रक्त आहे.

आणि तो बाम! माझं डोकं दुखतंय दिसलं की तू उठायचास, कोपऱ्यावरच्या दुकानातून बामची डबी आणायचास, झाकण काढून माझ्या की-बोर्डशेजारी ठेवायचास. कपाळाला लावून झोप जराशी, म्हणायचास. क्लास तू एकटा सांभाळायचास. एवढी माया आणि एवढा आडमुठेपणा एकाच माणसात कसा मावला, ते मला आजही कळत नाही. बाम आणून द्यायचास, पण सेटिंग बदलू द्यायचा नाहीस.

गाड्यांच्या गेमची गोष्टही काढतेच. तो गेम आणला तेव्हा तू सगळं चालू करून ठेवलंस. गाडीची सावली, मागचा धूर, लांबची झाडं, काहीच सोडलं नाहीस. कोपऱ्यात फ्रेम रेटचा आकडा लावलास, म्हणजे कॉम्प्युटर सेकंदाला किती चित्रं काढतो तो. मोकळ्या रस्त्यावर आकडा पन्नासच्या वर जायचा आणि तुझी छाती फुगायची. वळणावर चार गाड्या एकत्र आल्या की तोच पंधरावर यायचा. शिवाय गाडीचं टप एकीकडे आणि चाकं दुसरीकडे सरकल्यासारखी दिसायची, कारण चित्रं आणि पडद्याचा ताल जुळत नव्हता. पोट्टे कुरकुरायचे, "अन्ना, अटकता है." तू वर चढलेल्या आकड्याकडे बोट दाखवायचास.

मी म्हणाले होते, दादा, एक बैल पळतो अन् एक थांबतो, तर गाडीत बसणाऱ्याचं कंबरडं मोडते. दोघांची चाल सारखी असली की मंद चालूनही झोप लागते. आकडा मोठा नको, ठरलेला पाहिजे. तू म्हणालास, गेम का झोपाले खेळतेत?

नागपूरची ती खेप होती ना, त्याच वेळी मी गेमचंही बदललं होतं. सावली बंद, धूर बंद, झाडं जवळची तेवढीच, आणि चित्रं पडद्याच्या तालाला बांधून टाकली. आकडा खाली आला, पण खुंट्याला बांधल्यासारखा जागेवर राहिला. पोट्टे दिवेलागणीपर्यंत उठेनात. तू परतलास तेव्हा ते एका सुरात ओरडले, "अन्ना, अब तो मस्त भागती!" आणि तू माझ्यादेखत, बॅग खांद्यावरून न काढता म्हणालास, "हो, नवीन सेटिंग केलं ना मी."

मॉनिटरचं तेवढं पुन्हा साठ केलंस, गेमचं मात्र तसंच ठेवलंस. त्याची वाहवा होत होती ना. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. मला वाटलं, पोट्टे गेल्यावर तरी म्हणशील, सुमे, बरं केलंस. तू कुलूप लावलंस आणि मोटारसायकलला किक मारलीस. मी मागे बसले.

हे सगळं मी पोटात घातलं असतं. बहिणी घालतातच. पण मुधोळचं स्थळ आलं तेव्हा मी तुला एकच गोष्ट मागितली, आणि आयुष्यात तेवढीच मागितली. मुलाकडच्यांचं कापडाचं दुकान, घर चांगलं, माझी त्यांच्याबद्दल तक्रार नव्हती. पण तिथं गेले असते तर हे दुकान सुटलं असतं. मी तुझ्या खुर्चीजवळ उभी राहून म्हणाले, "दादा, बाबाले सांग ना. एक सालभर थांबा म्हन. क्लास सुमीवर चालते म्हन. मले तुह्या बरोबरीनं भागीदार कर."

बाबा तुझं ऐकायचे. तुझ्या एका शब्दावर थांबले असते. तू मागे टेकलास. हाताची घडी घातलीस. मी आकडे मोजल्यासारखी उभी राहिले आणि खरंच वाटलं, या खेपेला दाबशील. बाहेर गुडीहत्नूरची बस हॉर्न देत गेली. तू तिच्याकडे पाहिलंस.

"काऊन बोलत नाई?" मी म्हणाले. "नाई म्हन. निदान नाई तरी म्हन. मोकळी होईन मी."

तेव्हाच मी तुला भेकड म्हणाले होते. तो शब्द आजही परत घेत नाही.

त्यानंतर आठवडाभरातच मला तुझे डोळे पिवळे दिसले. तू कागदपत्रं टाइप करत होतास, पडदा कोरा पांढरा होता आणि त्या उजेडात तुझ्या बुबुळाभोवतीचा पांढरा भाग मला पांढरा दिसेना. मी अबोला धरला होता, तो मोडून म्हणाले, "दादा, तुहे डोळे पिवळे दिसून राह्यले." तू हसलास. त्या आठवड्यातलं तुझं पहिलं हसू.

"तुले तर सारंच दिसते. पडदा फडफडते, डोळे पिवळे होतेत. उद्या भूतबी दिसन तुले."

पुढं वहिनीलाही दिसलं, बाबांनाही दिसलं. काविळीची माळ आणली. त्या मुळ्यांच्या तुकड्यांची माळ तुझ्या डोक्यावर टोपीसारखी ठेवली. ती जशी लांबत गळ्यात उतरेल तशी कावीळ उतरते म्हणतात. ती लांबत होती आणि घरातले रोज हात जोडून म्हणत होते, उतरून राह्यली, उतरून राह्यली. ओल्या मुळ्या वाळल्या की दोरा सैल होणारच. मी माळेकडे पाहत नव्हते. तुझ्या डोळ्यांकडे पाहत होते, आणि ते दिवसेंदिवस हळदीसारखे होत होते.

"माळ नोको पाहू, आरसा पाह्य," मी म्हणाले. "चाल नागपूरले. मोठ्या डॉक्टरले दाखवू. जीप मी सांगीन, तू फक्त हो म्हन."

पलंगावर उशीला टेकून बसला होतास. दादा, तू तेव्हाही हाताची घडी घातलीस. मी तुझ्याकडे पाहत राहिले, वहिनी दारात पदर तोंडाला लावून उभी, बाबा तुझ्या शब्दाची वाट पाहत आणि तू बाबांच्या. 'हूं' कोणीच म्हटलं नाही. शेवटी जीप निघाली तेव्हा तू शुद्धीत नव्हतास, म्हणजे तुझी परवानगी लागली नाही. पांढरकवड्याच्या पुढं मी तुझे डोळे हातानं मिटले.

मला दिसलं होतं. पडद्याचंही, तुझ्या डोळ्यांचंही. तुझ्या बहिणीला जे दिसतं ते खरं असू शकतं, एवढं मानायला तुझं काय जात होतं? माझं डोकं दुखलं ते राहू दे. तू जीव घालवलास, पण मान वळवली नाहीस. वहिनीचं कपाळ पाहवत नाही. तुझा पोरगा मला विचारतो, बाबा दुकानात हायत का, आणि मी हो म्हणते, कारण आपल्या घरात निदान मी तरी हो म्हणायला शिकले.

काल माणसं पांगल्यावर बाबा माझ्यापाशी आले. इतके दिवस त्यांनी माझ्याकडे धड पाहिलं नव्हतं. जमिनीकडे बघत म्हणाले, "बाई, पोट्टे येऊन विचारून राह्यले, दुकान कवा उघडते म्हून. बसतं का तू? मुधोळवाल्याइले मी सांगतो का करायचं ते." आणि दुकानाची किल्ली माझ्या हातात दिली. जे तुझ्याकडून मागितलं होतं, नेमकं तेच. वरातीमागून घोडं म्हणतात, पण वरात कसली होती रे ही.

तर आज आले. स्टॅबिलायझर तसाच गुणगुणत सुरू झाला. तुझ्या खुर्चीत बसवेना, म्हणून माझी ओढून आणली आणि तुझी समोर राहू दिली. चित्र आठशे केलं, रेट पंच्याऐंशी. पडदा काळा झाला, टक झालं, चौकट आली. नवीन सेटिंग ठेवायचं का? मी तुझ्या खुर्चीकडे पाहिलं. आकडे उतरत होते. मला वाटलं दाबावं, पण हात उठेना. सवय, दादा. मी वाट पाहत होते. आणि टक. पुन्हा साठ.

आज इथं तू नव्हतास तरी तुझंच झालं, याचा मला एवढा संताप आला की मी टेबलावर डोकं ठेवून रडले. घरात इतके दिवस रडू आलं नव्हतं.

मग डोळे पुसून पुन्हा लावलं. या वेळी खुर्चीकडे पाहिलं नाही. येस दाबलं. मॉनिटर जळला नाही, धूर निघाला नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून कोपऱ्यातून पाहिलं, पडदा पाण्यासारखा स्थिर. एकदा येऊन पाहून जायला हवं होतंस.

बाहेर पोट्टे जमलेत. दाराच्या फटीतून "अक्का, अक्का" चाललंय. त्यांना आता आत घ्यावं लागेल. पडदा फडफडत नाही, म्हणजे डोकं दुखायला काही कारण उरलं नाही. तरी दुखतंय. बाम आणायला कोण जाणार, दादा?